घोडबंदरचा किल्ला, तीन वाक्ये आणि ग्रंथपालाचा प्रश्न

१/२०
ठाण्याच्या माजिवड्यापासून निघालेला घोडबंदर रोड मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही गावे मागे टाकीत गायमुखापाशी खाडीच्या काठाला लागतो आणि पुढे घोडबंदर गावी पोहोचतो. तेथे टेकडीवर पोर्तुगीज काळातील किल्ला आहे. रोजच्या वाहतूक कोंडीत अडकलेल्या एखाद्या प्रवाशाने मोबाइलवर या किल्ल्याचा इतिहास शोधला, तर अर्ध्या मिनिटात त्याला उत्तर मिळते. त्या उत्तराची पारख कशी करावी आणि ती करण्याची विद्या कोणाजवळ आहे, याचा हा इतिहास.

२/२०
उत्तरात बहुधा तीन वाक्ये असतात. पहिले : पोर्तुगीज येथे अरबांशी घोड्यांचा व्यापार करीत, म्हणून ‘घोडे’ आणि ‘बंदर’, म्हणजे किल्ला, यांवरून हे नाव पडले. दुसरे : पोर्तुगीज काळात किल्ल्याचे नाव ‘कासाबे द ताना’ होते. तिसरे : १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. ही वाक्ये फारसा फरक न होता एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर उतरली आहेत. दहा ठिकाणी तेच वाचल्यावर ते खरे वाटू लागते. वास्तविक दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

३/२०
पहिले वाक्य पाहू. ‘बंदर’ हा फारसीतून मराठीत रुळलेला शब्द. त्याचा अर्थ किल्ला नसून जहाजे लागण्याची जागा, हे मराठी माणसाला शब्दकोश न उघडताही कळते. म्हणजे हे वाक्य मुळात मराठी न जाणणाऱ्या हाताने लिहिले गेले आणि मराठी जाणणाऱ्यांनीही ते तपासल्यावाचून पुढे पाठविले. शब्दाचा अर्थच चुकला असेल, तर उरलेल्या मजकुराकडेही सावधपणे पाहणे भाग आहे.

४/२०
घोड्यांच्या व्यापाराचे काय? तेराव्या शतकाच्या अखेरच्या मार्को पोलोच्या वृत्तांतात ‘ताना’ नावाच्या राज्याचे प्रकरण आहे. तेथील राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता : लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. हे ताना म्हणजे ठाणे. या किनाऱ्यावर समुद्रमार्गे घोडे येत असल्याचा हा उल्लेख पोर्तुगीज येथे येण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीचा आहे. मात्र ‘घोडबंदर’ असा शोध घेणाऱ्याला तो सापडत नाही. त्यासाठी ‘ताना’ म्हणजे ठाणे हे आधी माहीत असावे लागते.

५/२०
दुसरे वाक्य. ‘कासाबे’ हे आपल्या ‘कसबा’ शब्दाचे पोर्तुगीज रूप. ‘कासाबे द ताना’ याचा सरळ अर्थ ‘ठाणे कसबा’. कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य गाव, बाजारपेठेचे ठिकाण. ठाणे शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटर दूर असलेल्या एका किल्ल्याला ‘ठाणे कसबा’ का म्हणतील, हा प्रश्न येथे पडायला हवा. हे नाव शहराला शोभते. ते किल्ल्याला चिकटलेले दिसले की मूळ कागदाकडे जाणे आवश्यक ठरते.

६/२०
तिसरे वाक्य. १८१८ हे पेशवाई बुडाल्याचे वर्ष, म्हणून प्रत्येक मराठी किल्ल्याच्या शेवटाला ते लावण्याची सवय जडली आहे. परंतु घोडबंदर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशी आहे, आणि ठाण्याचा किल्ला व साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरमध्येच जिंकून घेतली होती. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. १८१७-१८ मध्ये बदलला तो खाडीपलीकडचा, कल्याणच्या बाजूचा मुलूख. एका आकड्याने इतिहास त्रेचाळीस वर्षांनी सरकला.

७/२०
या तिन्ही चुका पकडण्यासाठी कोणतेही गुप्त साधन लागले नाही. लागले ते तीन प्रश्न : हे मुळात कोणी लिहिले? कशाच्या आधाराने लिहिले? आणि हीच गोष्ट दुसऱ्या कोणत्या नावाखाली नोंदलेली आहे? हे प्रश्न विचारण्याचे आणि वाचकाला विचारायला लावण्याचे काम ज्याचा व्यवसाय आहे, तो माणूस म्हणजे ग्रंथपाल. पुस्तके देणारा-घेणारा कारकून ही त्याची लोकप्रिय प्रतिमा, पण देवघेवीची खिडकी हा त्याच्या कामाचा सर्वांत दर्शनी आणि सर्वांत लहान भाग आहे.

८/२०
महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालये एकोणिसाव्या शतकात उभी राहू लागली. रत्नागिरीचे १८२८ चे, पुण्याचे १८४८ चे. पुण्यातील ग्रंथालयामागे लोकहितवादींचा पुढाकार होता. ठाणे जिल्ह्यात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे. आरंभीच्या काळातील अशा अनेक संस्थांचे नावच ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे असे. तेथे वर्तमानपत्रे येत, इंग्रजी ग्रंथ येत, शहरातील शिक्षित मंडळी जमत. मराठी पुस्तक तेथे असे, पण संग्रहाचा कणा म्हणून नव्हे.

९/२०
१ जून १८९३ रोजी ठाण्यात स्थापन झालेले ‘मराठी ग्रंथ संग्रहालय’ म्हणूनच वेगळे ठरते. विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन हे त्याचे संस्थापक. उद्देश नावातच स्पष्ट होता : मराठी ग्रंथांचा संग्रह. पुढे पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. वाचनालय आजच्या वाचकाकडे पाहते. संग्रहालय अजून जन्मास न आलेल्या वाचकाकडेही पाहते. आज कोणी मागत नाही म्हणून पुस्तक टाकून द्यायचे नाही, हा नियम त्या एका शब्दात आला.

१०/२०
भावे यांचा व्यवसाय मिठागरांचा. ध्यास मात्र जुन्या मराठी पोथ्यांचा. जुन्या कवींच्या हस्तलिखितांचा शोध, महानुभाव वाङ्मयाचे प्रकाशन आणि या साऱ्यातून साकारलेला ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास, हे त्यांचे कार्य. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : संग्रह आधी, इतिहास नंतर. ग्रंथ एका ठिकाणी आल्यावाचून कोणता कवी आधीचा, कोणता नंतरचा, कोणाची रचना दुसऱ्याच्या नावावर गेली, हे ताडून पाहण्याची सोयच नव्हती.

११/२०
‘महाराष्ट्र सारस्वत’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथम प्रसिद्ध झाले. भाव्यांनीच पुढे ते वाढविले, आणि त्यांच्या निधनानंतरच्या आवृत्तीला शं. गो. तुळपुळे यांनी विस्तृत पुरवणी जोडली. त्यामुळे नुसते ‘सारस्वतात असे म्हटले आहे’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या आवृत्तीत, भाव्यांच्या मजकुरात की तुळपुळ्यांच्या पुरवणीत, हे सांगावे लागते. जाणता ग्रंथपाल पुस्तक हाती देताना आवृत्ती विचारतो, ती याचसाठी. पडद्यावर सापडलेल्या एका सुट्या पानाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

१२/२०
दुसरे मोठे काम सूचीचे. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. पण सरकारी यादी देखरेखीसाठी होती, वाचकासाठी नव्हती. वाचकासाठी ते काम शंकर गणेश दाते यांनी केले. १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आणि तिचा १९३८ ते १९५० या काळाचा पुढील भाग हे आजही संशोधकाचे पहिले साधन आहे. ग्रंथालयांमागून ग्रंथालये पालथी घालून, हाती लिहून केलेले हे काम. एखादे पुस्तक मुळात निघाले होते की नाही, हा वाद ही सूची मिटवू शकते.

१३/२०
याच काळात ग्रंथपालन हे शास्त्र म्हणून उभे राहिले. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतील एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. तो वाचतो योग्य वर्गीकरणाने, नेमक्या तालिकेने आणि ‘हे पाहू नका, ते पाहा’ असे सांगणाऱ्या माणसाने. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला आणि गावोगावच्या ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदानाची चौकट मिळाली.

१४/२०
तालिका म्हणजे नेमके काय, याचे उत्तम उदाहरण ठाण्याच्याच मातीत सापडले. १७८७ मध्ये ठाण्यात पाया खोदताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा इ. स. १०१७ चा ताम्रपट मिळाला. रामलोचन पंडितांच्या साहाय्याने झालेला त्याचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापला गेला. त्या लेखाचे शीर्षक कसे होते? ‘भारतातील एक भूमिदान, इ. स. १०१८’ अशा अर्थाचे. शीर्षकात ना ठाणे, ना शिलाहार, ना अरिकेसरी; आणि सालही एका वर्षाने पुढे.

१५/२०
शीर्षकावरून शोधणाऱ्याला हा लेख शंभर वर्षांतही सापडणार नाही. ग्रंथपाल मात्र त्याला ‘शिलाहार’, ‘ताम्रपट’ आणि ‘ठाणे’ असे तीन विषय देतो, आणि तालिकेत ‘ताना, टन्ना, श्रीस्थानक : पाहा ठाणे’ अशी नोंद घालतो. वसईसाठी ‘बासैं’ आणि ‘बसीन’, साष्टीसाठी ‘साल्सेट’, कल्याणसाठी ‘कॅलियन’ ही नावेही अशीच एकमेकांशी जोडावी लागतात. एक ओळीची ही ‘पाहा’ नोंद दिसायला क्षुल्लक, पण तिच्यावाचून संस्कृत ताम्रपट, इटालियन प्रवाशाचा वृत्तांत, पोर्तुगीज कागद आणि इंग्रजी गॅझेटियर हे चारही एकाच गावाविषयी बोलत आहेत, हे कळत नाही.

१६/२०
१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. पुढील दशकात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पाने लाखो जुन्या पुस्तकांची पाने प्रतिमारूपात आणली. आज इंटरनेट आर्काइव्हवर जुने मराठी पुस्तक उघडले की पुष्कळदा आरंभीच्या पानावर शिक्का दिसतो : ‘मराठी ग्रंथ संग्रहालय, ठाणें’, त्याखाली ‘स्थळप्रत’, विषय आणि क्रमांक. स्थळप्रत म्हणजे घरी न नेता जागेवर वाचायची प्रत. जी प्रत दाराबाहेर जाऊ द्यायची नव्हती, ती आज जगभर वाचली जाते. ज्यांनी ती जपली, त्यांचे नाव वाचणाऱ्याला ठाऊक नसते. शिक्का मात्र साक्ष देतो.

१७/२०
पण याच प्रकल्पाने ग्रंथपालाची उणीवही दाखवून दिली. पाने यंत्राने टिपली. नावे घाईने भरली गेली. अनेक मराठी ग्रंथांची शीर्षके रोमन लिपीत, स्वर दुहेरी-तिहेरी करून, अशा वर्णलेखनात नोंदली गेली की नेहमीच्या पद्धतीने नाव लिहिणाऱ्याला पुस्तक सापडू नये. कोठे लेखक चुकला, कोठे साल. पुस्तक जगासमोर उघडे आहे आणि तरी हरवलेले आहे, अशी ही विचित्र अवस्था. फडताळात चुकीच्या जागी ठेवलेल्या ग्रंथाला जुने ग्रंथपाल हरवलेलाच समजत. नियम तोच, फडताळ फक्त बदलले. पुढे मूळ प्रकल्पाचे संकेतस्थळच बंद पडले. इतरांनी प्रती उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून ग्रंथ वाचले.

१८/२०
आता घोडबंदरकडे परत येऊ. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर आज संगणकावर विनामूल्य वाचता येते. संदर्भ विभागातील ग्रंथपाल वाचकापुढे प्रथम तेच ठेवील, परंतु तेवढेच नव्हे. गॅझेटियर इंग्रज अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी सिद्ध केले, हे तो सांगेल. त्याच्या जोडीला ‘साष्टीची बखर’, पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या ४५ खंडांपैकी वसई मोहिमेचा खंड आणि य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ ठेवील. मग १७३७ चे मराठी पत्र, पुढच्या काळातील बखर आणि १८८२ चा अधिकारी यांच्या सांगण्यात मेळ कोठे बसतो आणि कोठे नाही, हे वाचक स्वतः पाहील. शोधयंत्र उत्तर देते. ग्रंथपाल पुरावे एकमेकांसमोर बसवितो.

१९/२०
हे काम करणाऱ्यांची स्थिती मात्र हेवा करावी अशी नाही. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये हजारोंच्या संख्येत आहेत. त्यांतील कर्मचाऱ्यांचे तुटपुंजे मानधन आणि अपुरे अनुदान ही जुनी तक्रार आहे. तरीही मार्ग निघत आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने आपला दुर्मीळ संग्रह संगणकावर आणला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने घरपोच पुस्तके आणि वाचलेली पुस्तके बदलून देणारी ‘आदान-प्रदान’ प्रदर्शने यांतून नवा वाचक जोडला. साधने बदलली, आपल्या वाचकाला आणि आपल्या ग्रंथाला ओळखणारा माणूस मधोमध असणे, ही अट बदललेली नाही.

२०/२०
घोडबंदर रोडवर आज गृहसंकुलांची नावे दूरदेशीच्या शहरांवरून आणि फुलांवरून ठेवली जातात. पत्ता सांगताना संकुलाचे नाव पुरते. खालच्या गावठाणाचे, पाड्याचे, तळ्याचे नाव हळूहळू बोलण्यातून जाते. शंभर वर्षांनी कोणी अभ्यासक जुना सातबारा आणि नवा नकाशा समोर घेऊन बसेल, तेव्हा त्याला नेमकी एक ओळ हवी असेल : अमुक संकुल, पाहा कासारवडवली, अमुक चौक, पाहा ओवळा. ‘ताना’ला ठाण्याशी जोडणारी ओळ कोणीतरी लिहून ठेवली, म्हणून मार्को पोलोचे घोडे आज घोडबंदरच्या वाचकापर्यंत येऊ शकतात. या रस्त्याच्या नावांची ओळ आजच लिहावी लागेल, कारण ती नावे अजून सांगणारी माणसे त्या गावठाणांत राहत आहेत.